त्याचा अर्ज माझ्यासमोर आलाय

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यानं स्वतःची चूक माझ्या माथी मारली आणि माझी नोकरी गेली. आता त्याचा अर्ज आमच्याकडे आलाय. मुलाखत घेणाऱ्या तिघांत मी आहे. नवरा म्हणतो, माफ करून टाक. मला त्याला घरी पाठवायचंय. यात एवढं वाईट काय?

उत्तर : तुमचा राग मला पटतो. ‘माफ करून टाक’ म्हणणाऱ्यांना बरेचदा तो विषय पुन्हा ऐकायचा नसतो, एवढंच. (तुमच्या यजमानांबद्दल नाही म्हणत हं.)

वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला बळीची गोष्ट ऐकवते. क्षमा बरी की तेज, असं बळी आजोबांना, म्हणजे प्रल्हादाला विचारतो. सदैव तेज नको, तशी सदैव क्षमाही नको, असं प्रल्हाद सांगतो. नकळत घडलेला अपराध पोटात घालावा. पण जाणूनबुजून करून वर ‘नकळत झालं’ म्हणणाऱ्याला, अपराध लहान असला तरी सोडू नये. तुमचा माणूस दुसऱ्या प्रकारातला दिसतो.

तरीही त्या खुर्चीवरून नको. मी एकदा हे करून बसले आहे. माझं काम स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या एकाबद्दल पुढे माझं मत विचारलं गेलं, आणि मी दोन ओळींत त्याचा पत्ता कापला. आठवडाभर मजेत होते. मग लक्षात आलं, ते कुणी केलं आणि का, याचा त्याला पत्ताच नाही. तो नशिबाला बोल लावून मोकळा झाला. माझ्या सुडाची बातमी फक्त मलाच होती! शिवाय त्या दोन ओळींतली एक खोटी होती. ती अजून टोचते.

तेव्हा उद्याच वरिष्ठांना लिहून द्या : उमेदवाराशी माझा जुना वाद आहे, मला या मुलाखतीतून वगळा. कारण विचारलं तर घडलं तेवढंच सांगा, तिखटमीठ न लावता. याला चुगली म्हणत नाहीत.

मग निकाल लागल्यावर, काहीही लागो, त्याला गाठा आणि तोंडावर सांगा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे माफी मिळवायची, तर केलेलं सगळं उघड सांगावं लागे. पश्चात्तापाची मात्र अट नव्हती. तुम्हीही त्याच्या डोळ्यांत पाणी शोधू नका. ‘हो, मी केलं’ एवढं वदवून घ्या.

‘आठवत नाही’ म्हणाला, तर मला पुन्हा लिहा.