शब्दाचा जुना पत्ता

प्रिय मुली,

‘इन कॅमेरा सुनावणी म्हणजे चित्रीकरण होणारी सुनावणी ना, मग पत्रकारांना बाहेर का काढलं?’ हा तुझा प्रश्न दोनदा वाचला. गोंधळ तुझ्या एकटीचा नाही. ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ म्हणजे चित्रीकरणासह, असं आपली वर्तमानपत्रं सर्रास छापतात. न्यायालयात तेच शब्द बंद दाराआडच्या कामकाजासाठी. पण दोन अर्थांत अडकून तू भाषांतर थांबवलंस, याचा राग आला. अगं, आधी शब्दाचा जुना पत्ता शोध.

लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छत. ग्रीक ‘कामारा’वरून आलेला शब्द. पुढे छत मागे पडलं, त्याखालची खोली उरली. फ्रेंचांनी तिचं ‘शांब्र’ केलं, त्यावरून इंग्रजी ‘चेंबर’. इटलीत आजही ‘कामेरा’ मागितलास तर खोलीच मिळेल. रशियनमध्ये तुरुंगाची कोठडीसुद्धा ‘कामेरा’. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारा तो ‘कामारादा’. मोर्चातला आपला कॉम्रेड तिथून आला. हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगीजांचा.

आणि फोटोचं यंत्र? अंधाऱ्या खोलीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. १६०४च्या ग्रंथात खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तिला ‘कामेरा ऑब्स्कुरा’ म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. खोली आटून पेटी झाली. १८३९मध्ये फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि पुढे ‘अंधारी’ गळून नुसता कॅमेरा राहिला. न्यायालयाने खोली धरून ठेवली, आपण यंत्र धरलं. पत्ता एकच.

तुझ्या वयात मी एका खटल्याच्या भाषांतरात ‘कॅमेऱ्यासमोर साक्ष’ असं लिहिलं. पीडितेची साक्ष होती ती, दार लावून घेतलेली. मजकूर तसाच छापून गेला. ती बाई हे वाचेल, या विचाराने किती रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून पत्ता पाहिल्याशिवाय मी शब्द पुढे सोडत नाही. त्यापायी उशीर झाला, दोन कामं हातची गेली. लोक हट्टी म्हणतात. म्हणोत. त्या साक्षीपुढे दोन कामांचं काय मोल? जुना पत्ता पाहायला दहा मिनिटं लागतात, आणि मी ती तेव्हा दिली नव्हती.

तू देशील, तुझा हात चांगला आहे. तुझ्या भाषांतराच्या मसुद्यात ‘इन कॅमेरा’ अकरा ठिकाणी आलंय. प्रत्येक ठिकाणी खोली की यंत्र ते ठरव, मराठीत लिही आणि शनिवारी मला दाखव.