तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : तोंडाभोवतीचा लालसरपणा

प्रश्न : मॅडम, मे महिन्यात माहेरी गेले होते चिपळूणला, तिथे रायवळ आंबे भरपूर चोखून खाल्ले आणि दोन दिवसांनी ओठांभोवती लाल होऊन खाज सुटली. आई म्हणाली आंबा उष्ण पडला. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवसांत एकदम क्लिअर! पण बंद केली की परत येतं म्हणून लावतच राहिले, आता दोन महिने होत आले आणि तोंडाभोवती बारीक बारीक पुटकुळ्या आल्यात, आग होते. ओठाला लागून एक पातळ रेघ तेवढी स्वच्छ आहे. आंबे तर कधीच संपले, मग हे काय? (नाव छापू नका प्लीज)

उत्तर : ताई, तुम्हाला एक नाही दोन गोष्टी झाल्यात. पहिली आंब्याची. त्यात उष्ण-बिष्ण काही नाही, देठाकडचा चीक आणि साल यांची ती अ‍ॅलर्जी. ती लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठते म्हणून लोकांना आंबा आठवतच नाही, तुमच्या लक्षात आलं हे विशेष. आंबा, काजू, बिब्बा हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे ज्यांना बिब्बा उततो किंवा ओले काजू सोलताना हात भाजतात त्यांनी आंबा चोखताना जपावं. आंबे पाण्यात भिजत घालायची आपली पद्धत चांगलीच आहे, उष्णता जाते की नाही ते सोडा, सालीवरचा चीक तरी धुतला जातो.

ते आंब्याचं प्रकरण दोन-तीन आठवड्यांत आपोआप मिटलं असतं. दुसरी गोष्ट केली ट्यूबने. तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही लिहिलंय का बघा, बहुतेक असणारच. ही स्टेरॉइडं. लालसरपणा झटकन दाबतात म्हणून जादू वाटते, पण चेहऱ्यावर महिना-महिना लावली की कातडी त्यांच्यावरच अवलंबून राहते आणि तोंडाभोवती अशा पुटकुळ्या येतात, ओठालगतची रेघ सोडून. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. ही मलमं चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत, तरी काउंटरवर साबणासारखी मिळतात, काय बोलायचं!

आता ट्यूब सोडायची. सोडल्यावर एक-दोन आठवडे आधीपेक्षा जास्त लाल होईल, नेमकं तेव्हाच घाबरून लोक परत लावतात आणि चक्र सुरूच राहतं. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना आधीच दाखवा, ते लागलं तर सौम्य मलमावर आणून हळूहळू बंद करतील, वरून मेट्रोनिडाझोल जेल किंवा पोटात डॉक्सिसायक्लिन देतील. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते आधी सांगा. तोवर नुसत्या पाण्याने तोंड धुवा, लिपस्टिक, जाड क्रीम, फाउंडेशन सगळं बंद, टूथपेस्ट झणझणीत नको. हळद-मलई, लिंबू तर अजिबात नको. पूर्ण जायला दोन-तीन महिने सुद्धा लागतात.

पुढच्या वर्षी आंबा जरूर खा, पण धुऊन, दुसऱ्या कोणी सोलून दिलेला, फोडी काट्याने. बऱ्याच जणांना गर चालतो. पण गर खाल्ल्याबरोबर ओठ सुजले, श्वास लागला तर ते वेगळं आणि गंभीर, सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा, थंडीत ओठ चाटत बसतो, तोंडाभोवती लाल गोल झालाय जोकरसारखा. कितीही ओरडलं तरी ऐकत नाही.

उत्तर : ओरडू नका, ओरडलं की जास्त चाटतो. लाळ सुकताना कातडी आणखी कोरडी पडते, मग परत चाटतो. त्याची जीभ जिथवर पोचते तिथवरच लाल असेल बघा. साधं, बिनवासाचं व्हॅसलीन जेवणाआधी, शाळेत जाताना आणि झोपताना जाडसर लावा, फ्लेवरवालं लिप बाम देऊ नका, ते गोड लागतं म्हणून तो अजून चाटेल. ओठांचे कोपरे चिरले असतील किंवा पिवळट खपल्या आल्या तर मात्र दाखवून घ्या.