‘नाकामा’ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: “माझी नववीतली मुलगी ‘वन पीस’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचते. तिच्या मते त्यातल्या ‘नाकामा’ या शब्दाचं भाषांतर होऊच शकत नाही, कारण त्याचा अर्थ ‘रक्ताच्या नात्याहून जवळचा मित्र’. मी ‘सवंगडी’ सुचवला तर ती खो खो हसली. बरोबर कोण? शिवाय ही मुलं त्यातल्या दोन पात्रांची जोडी लावतात आणि त्यावरून भांडतात. त्याला मराठीत शब्द आहे का?”

मुलगी हसली ते योग्यच झालं. पण तिनं दिलेला अर्थ काही खरा नाही.

नाकामा हा जपानीतला अगदी रोजच्या वापरातला शब्द. कामावरचे सहकारी ते ‘शिगोतो नाकामा’. संध्याकाळी ज्यांच्याबरोबर प्यायला बसायचं ते ‘नोमी नाकामा’. खेळात एखाद्याला घेतलं नाही, बाजूला बसवलं, तर त्याला ‘नाकामा हाझुरे’ म्हणतात. दरोडेखोराला मदत करणारा दुसरा दरोडेखोर हाही त्याचा नाकामाच. लहान मुलांच्या प्राण्यांवरच्या पुस्तकांत तर सिंह हा मांजराचा नाकामा असतो आणि देवमासा सस्तन प्राण्यांचा. तिथे जिव्हाळा वगैरे काही नाही. एका गटातला, एका कुळातला, एवढाच अर्थ. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, व्यापाऱ्यांचे जे परवानाधारक संघ होते त्यांचं नाव ‘काबुनाकामा’. १८४१ मध्ये मिझुनो तादाकुनी या मंत्र्यानं भाववाढीचं खापर त्यांच्यावर फोडून ते मोडीत काढले, आणि दहा वर्षांनी, १८५१ मध्ये, ते परत उभे करावे लागले. म्हणजे मुलीच्या या पवित्र शब्दाला तेला-तांदळाच्या वखारीचाही वास आहे.

लिहायला दोन चिन्हं लागतात. पहिल्यात ‘माणूस’ आणि ‘मध्य’ एकत्र आहेत. या ‘नाका’चा अर्थ माणसामाणसांतले संबंध. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला जपानीत ‘नाकोदो’ म्हणतात, त्यातही हेच चिन्ह. (जोड्या लावणारी मुलं ती हीच, हौशी नाकोदो.) दुसरं चिन्ह ‘मधली जागा’. त्यात दाराच्या दोन फळ्या आणि फटीतून दिसणारा सूर्य आहे.

मग ‘रक्ताच्या नात्याहून जवळचा’ हे आलं कुठून? एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ १९९७ च्या जुलैमध्ये ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली. पुढे तिच्या अॅनिमेला, म्हणजे तिच्यावरच्या चलच्चित्र मालिकेला, हौसेनं इंग्रजी उपशीर्षकं लावणाऱ्या काही चाहत्यांनी हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला. तसाच ठेवलेला शब्द नेहमी वजनदार वाटतो. आपल्याकडे इंग्रजी लेखात ‘धर्म’ किंवा ‘कर्म’ तसाच ठेवला की वाचणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी गूढ आहे; तोच प्रकार. शिवाय ज्या प्रसंगांत तो शब्द येत होता ते प्रसंगच असे होते की डोळ्यांत पाणी यावं. ते पाणी चाहत्यांनी शब्दाच्या खात्यावर जमा केलं. माझ्या मते ते कथेच्या खात्यावर जायला हवं.

पुरावा मांगातच आहे. नाकामाचा अर्थ ‘कुटुंब’ असता तर ओदांना त्यासाठी वेगळे शब्द वापरायची गरज नव्हती. ते तर चोखंदळपणे वापरतात. शिरोहिगे नावाच्या बुजुर्ग चाच्याचं, म्हणजे समुद्री लुटारूचं, जहाज घ्या. (इंग्रजीत तो व्हाइटबिअर्ड झाला, चित्रात मात्र त्याला दाढी नाही, झुबकेदार मिशी आहे. जपानी ‘हिगे’त दाढी-मिशी दोन्ही येतात.) तो आपल्या खलाशांना ‘पोरांनो’ म्हणतो, ते त्याला ‘ओयाजी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं ‘म्हातारा’, प्रेमानं म्हटलेलं. तिथे कुटुंबाची भाषा उघड आहे. लहानपणी कथेचा नायक लुफी, एस आणि साबो साके या तांदळाच्या दारूच्या पेल्यांची अदलाबदल करून ‘क्योदाइ’ होतात, भाऊ. पुढे सात टोळ्यांचे म्होरके लुफीपुढे पेले धरून ‘आम्हाला तुझे कोबुन, हाताखालचे, करून घे’ म्हणतात. लुफी साफ नाही म्हणतो, तर ते स्वतःच पेले रिकामे करून मोकळे होतात! भाऊ, बाप, हाताखालचा, मित्र, नाकामा ही सगळी या कथेत वेगवेगळी नाती आहेत.

आणि नाकामा मित्र असलाच पाहिजे असंही नाही. तलवारबाज झोरो आणि आचारी सांजी लुफीच्या एकाच जहाजावर आहेत आणि दिवसभर एकमेकांना शिव्या देतात. ते नाकामा आहेत, यात त्यांना स्वतःलाही शंका नाही. मित्र आहेत असं त्यांच्या तोंडून वदवून दाखवा. त्यांच्यातलाच उसोप जहाजावरून भांडून निघून जातो, परत यायला बघतो, तेव्हा झोरोच आडवा येतो: आधी माफी, नाहीतर मीच उतरतो. मैत्रीत असा नियम कुणी लावत नाही. गटात लावतात.

‘नारुतो’ या दुसऱ्या मांगातही हा शब्द आहे. नियम मोडणारा तो कचरा, पण नाकामाची पर्वा न करणारा त्याहून मोठा कचरा, असं काकाशी हा गुरू शिष्यांना ऐकवतो. तिथे अर्थ तुकडीतला जोडीदार. शेवटी त्या शिष्यांतला सासुके नायक नारुतोला विचारतो की माझ्यासाठी एवढा जीव का टाकलास, तेव्हा उत्तरात ‘तोमोदाची’ येतं, साधा मित्र. या एका शब्दावरून जगभरच्या चाहत्यांत किती शाई सांडली असेल ते सांगायला नको.

आता मराठी. सवंगडी का नाही? सवंगडी गोकुळातला. गाई राखताना, शिदोरी वाटून खाताना. शब्द गोड आहे, पण त्याला बालपणाचा वास आहे. तलवार उपसलेल्या माणसाला तो शोभत नाही. मुलगी हसली ती याच कारणानं, तिला ते सांगता आलं नाही इतकंच. सोबती वाटेपुरता, सोबत संपली की सोबतीही संपला. सांगाती तुकोबांनी विठ्ठलासाठी वापरून इतक्या उंचीवर नेला की खाली आणवत नाही. जोडीदार हल्ली नवरा-बायकोसाठी राखीव झाला आहे, आणि चाहत्यांच्या भांडणात तो शब्द टाकणं म्हणजे तेल ओतणं. मी वर काकाशीच्या संदर्भात वापरला, तोही जपूनच. गडी छान आहे, कबड्डीतला. पण ‘घरचा गडी’ लगेच झाडू घेऊन हजर होतो.

साथीदाराबद्दल मला वेगळी माया आहे. वर्तमानपत्रानं या शब्दाची वाट लावली. ‘आरोपी व त्याचे दोन साथीदार फरार.’ पण थांबा, लुफी चाचाच आहे! नौदलाच्या तोंडी, पकड वॉरंटाच्या भाषेत, नाकामाला साथीदार हाच शब्द हवा. ‘लुफी व त्याचे साथीदार’ वाचलं की खाली बक्षिसाची रक्कम आपोआप दिसते.

म्हणजे प्रश्न असा विचारायचा नाही की नाकामाला मराठीत काय म्हणतात. कोण म्हणतंय, ते विचारायचं. लुफी नव्या माणसाला गळ घालतो, “माझा नाकामा हो!” तेव्हा मी म्हणेन, “माझा भिडू हो!” भिडू मुंबईच्या टपोरी बोलीत गेला खरा, पण मूळचा तो मैदानावरचाच. आमच्या चाळीच्या अंगणात दोन म्होरके उभे राहायचे आणि आळीपाळीनं भिडू मागायचे. ज्याच्याशी सकाळीच मारामारी झाली तोसुद्धा चांगला पळत असेल तर मागितला जायचा. लुफीची भरतीची पद्धत नेमकी हीच आहे. त्याला तलवार येत नाही, नकाशा कळत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटं बोलताही येत नाही. हे तो शत्रूसमोर छाती काढून सांगतो, आणि दुसऱ्यांच्या मदतीशिवाय आपण जगू शकत नाही याची खात्री आहे म्हणतो.

तोच लुफी कुणाला धमकावतो, “माझ्या नाकामाला हात लावू नको,” तिथे भिडू चालत नाही. तिथे “माझ्या माणसांना हात लावायचा नाही.” मराठीत ‘माणसं’ म्हटलं की नातं सांगावं लागत नाही.

आणि राहिला विवीचा प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. तेविसाव्या खंडात अराबास्ताची राजकन्या विवी लुफीच्या जहाजावरून उतरून आपल्या राज्यात राहते. जहाज निघताना ती किनाऱ्यावर येऊन ओरडते: मी इथेच राहते, पण परत कधी भेटलो तर मला पुन्हा एकदा नाकामा म्हणाल का? लुफी ओरडून उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि जहाजावरची नामी त्याला थांबवते. (नामी म्हणजे जपानीत लाट. आपल्याला मात्र ‘नामी’ ऐकून नामी चोर आठवतो, आणि ती आहेही तशीच.) नौदल ऐकतं आहे. एक शब्द उच्चारला तर राजकन्या चाच्यांची साथीदार ठरेल. मग सगळे पाठ फिरवून उभे राहतात आणि एकेक डावा हात वर करतात. मनगटावर फुलीची खूण. ही खूण आधी का काढली होती, तर शत्रूपक्षातला एक जण कुणाचाही चेहरा घेऊ शकत होता; खरा आपला कोण आणि सोंग कोणतं हे कळावं म्हणून. वर फडकं बांधलेलं होतं, सोंग घेणारा फडक्यापर्यंतच पोचला असता. यापुढे काहीही झालं तरी डाव्या हातावरची ही खूण म्हणजे नाकामाची खूण, असं तेव्हा लुफी बोलला होता.

इथे ‘मित्र’ ठेवून वाचून बघा: “परत भेटलो तर मला मित्र म्हणाल?” ते मित्र आहेतच, प्रश्नच उरत नाही. ‘कुटुंब’ ठेवा: तिचा बाप जिवंत आहे, त्याच्यासाठी तर ती थांबते आहे. विवी विचारते आहे की तुम्ही निघून गेल्यावर तुमच्या रेषेच्या आत माझी जागा राहील का. मराठीला यासाठी शब्द घडवावा लागत नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. इंग्रजीला एकाच सर्वनामावर भागवावं लागतं, म्हणून इंग्रजी चाहत्यांना नाकामा तसाच ठेवावासा वाटला असेल, असा माझा तर्क. आपण सहज म्हणतो, “गरिबाला आपलं म्हणा.” म्हणून विवीचं वाक्य मी असं करीन: “परत कधी भेट झाली, तर पुन्हा एकदा मला आपली म्हणाल?”

त्यावर उत्तर न देता हात वर करणं हे मराठीतही तितकंच पोचतं, असं मला वाटतं.

जोड्यांचं थोडक्यात. पात्रांच्या जोड्या लावण्याला इंग्रजी चाहते ‘शिपिंग’ म्हणतात; त्याला मराठीत ‘जोडी लावणं’ पुरेसं आहे. शाळेत कुणाचं नाव कुणाशी जोडून चिडवायचो ते हेच. जपानी चाहते दोन नावांत गुणाकाराची फुली घालतात किंवा नावं चिकटवतात: लुफी आणि नामीचं ‘लुनामी’, झोरो आणि सांजीचं ‘झोरोसान’, आणि उलट केलं तर ‘सानझोरो’. ही उलटापालट हलक्यानं घेऊ नका. पहिलं नाव पुढाकार घेणाऱ्याचं असा संकेत आहे, आणि झोरोसानवाले व सानझोरोवाले हे वेगळे पंथ आहेत. आपला द्वंद्व समास इतका कडक नाही. राधाकृष्ण म्हणताना पुढाकार कुणाचा हे कुणी विचारत नाही. खुद्द ओदांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगून टाकलं आहे की जहाजावर प्रेमप्रकरणं नाहीत, सगळ्यांचं प्रेम साहसावर आहे. त्यानं जोड्या लावणारे थांबले नाहीत, आणि थांबू नयेत. कुणी झोरोच्या मौनात प्रेम वाचलं तर ते त्याचं वाचन. फक्त ‘नाकामाचा अर्थच तसा आहे’ असा कोशाचा दाखला देऊ नये, कोश त्यांच्या बाजूनं नाही. एक मात्र गमतीचं: जी फुली मनगटावर नाकामाची खूण आहे, तीच दोन नावांमध्ये आली की जोडीची खूण होते.

आता त्या मुलीच्या बाजूनं एक गोष्ट. तिच्या आईनं प्रश्नात तिचं एक वाक्य दिलं होतं: “लुफी त्याच्या नाकामाला कधीच सोडत नाही.” आकारान्त पुल्लिंगी शब्द मराठीत सहसा वाकतो. घोडा, घोड्याला, मुलगा, मुलग्याला. त्या हिशेबानं ‘नाकाम्याला’ व्हायला हवं होतं. पण काही शब्द वाकत नाहीत: मामाला, काकाला, दादाला. परकी नावंही बरेचदा तशीच राहतात, त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. तरी न शिकवता तिच्या जिभेनं तो शब्द मामा-काकांच्या ओळीत नेऊन बसवला आहे, तर राहू द्यावा तिथेच. अनेकवचनही ‘नाकामा’च ठेवावं, मामांसारखं. स्त्रीलिंग मात्र मामा-मामीच्या चालीवर करू नये. लुफीच्या जहाजावरच्या रॉबिनला ‘नाकामी’ म्हटलं तर ती शांतपणे पुस्तक मिटेल, आणि पुढचं काही सांगता येत नाही.