व्हेंटिलेटर काढायचा की नाही, हे कोण ठरवणार?

लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबद्दल, पुन्हा पुन्हा तेच गोंधळ पत्रांतून येताहेत. म्हणून एकदाच उत्तरं.

प्रश्न : लिव्हिंग विल केलं म्हणजे दयामरण मागितलं असं होतं का?

नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे.

प्रश्न : मृत्युपत्रातच दोन ओळी घातल्या तर?

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. वेगळा कागद करा.

प्रश्न : मेव्हणे म्हणतात, उपचार थांबवायला हायकोर्टाची परवानगी लागते. एक एजंट 'कोर्टमान्य' पॅकेज देतोय. घ्यावं का?

मेव्हणे २०११ मध्येच थांबलेत. वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत असलेल्या मुंबईतल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाच्या निकालात ती अट होती. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मान्य केला, पण कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही मागितली. कोण जाणार तिथे? जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळं, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत, मत देतात. अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं, त्याची परवानगी मागायची नसते.

'कोर्टमान्य' पॅकेज हा निव्वळ धंदा. ते पैसे वाचवा आणि मजकूर फॅमिली डॉक्टरांसमोर बसून लिहा.

प्रश्न : कोमा आणि ब्रेन डेड एकच ना?

अजिबात नाही. ब्रेन डेड म्हणजे मृत्यू. कोमातला माणूस जिवंत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचून आयसीयूत वाद घालू नका.

प्रश्न : वडील (७८) नेहमी म्हणायचे, 'मला नळ्या लावून ठेवू नका.' आता ते व्हेंटिलेटरवर आहेत. लेखी काही नाही. भाऊ म्हणतो, मशीन काढलं तर लोक म्हणतील पोरांनी बापाला मारलं. वहिनींना वाटतं, अजून थोडं थांबावं. काय करू?

भावाचं मत कळलं, वहिनींचं कळलं. वडिलांचं एका वाक्यात आटोपलंत, आणि निर्णय मात्र त्यांच्या शरीराचा आहे. आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांना 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारतात. प्रश्नच चुकीचा. वडील आत्ता उठून बसले असते आणि स्वतःची अवस्था त्यांनी पाहिली असती, तर काय म्हणाले असते? तुमचं काम एवढंच सांगण्याचं आहे. बोलणाऱ्या लोकांनी वडिलांचा हात पाहिलेला नसतो. नळी ओढू नये म्हणून तो बँडेजने कठड्याला बांधलेला असतो, रक्तदाब टिकवायच्या औषधाने बोटांची टोकं काळीनिळी पडलेली असतात. 'थोडं थांबू' म्हणत दिवस जातात, ते त्या हाताचे जातात. (वडील 'शेवटपर्यंत सगळं करा' म्हणाले असते, तर त्यांचा तो शब्दही तितकाच पाळायला हवा होता. बिल वाढलं म्हणून तो मोडायचा नाही.)

कागद नाही म्हणून वाट बंद नाही. जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने त्याच दोन मंडळांकडे जाता येतं. पण वडील परतीच्या पलीकडे गेलेत की नाही, हे मी पत्रावरून सांगणार नाही. व्हेंटिलेटरवरून उतरून घरी जाणारे रुग्णही असतात. आजच भावाला घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. विचारा, हे उपचार बरं करण्यासाठी चाललेत की फक्त मरण लांबवण्यासाठी? वेदनाशमन करणाऱ्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनाही बोलवायला सांगा.

आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून वडिलांना परस्पर घरी नेऊ नका. वाटेत रुग्णाला धाप लागते, मॉर्फिन नसतं, शेजारी बसलेला मुलगा श्वास देणारा फुगा दाबत राहतो. याला इच्छा पाळणं म्हणत नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, ठणठणीत. आत्तापासून कशाला?

अपघात झाल्यावर सही करता येत नाही म्हणून. वय १८ पूर्ण हवं, शुद्ध हवी, कुणाचा दबाव नको. मत बदललं तर कागदही बदलता येतो. तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव त्यात घाला आणि त्याला तसं सांगाही. प्रती त्याच्याकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता तो उघडत नाही.