गोडबोल्यांवरून गिनेस मोजू नका

प्रश्न : सर, 'अ पॅसेज टू इंडिया' पाहिला. प्राध्यापक गोडबोले म्हणून रंग फासलेला गोरा नट बघून चीडच आली. आमचे दिग्दर्शक मात्र म्हणतात, अ‍ॅलेक गिनेससारखा नट होणे नाही. खरं काय? यंदा स्पर्धेच्या नाटकात मी मोंढ्यातला हमाल करतोय, वाक्यं चारच आहेत.
– एक हौशी कलावंत, परभणी

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. डेव्हिड लीनच्या त्या सिनेमात (1984) व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे कसलेले नट होते आणि गोडबोले तेवढे लंडनचे! ती निवड मला आजही पटत नाही. पण एवढ्यावर गिनेसला निकालात काढू नका.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (1957) बघा. युद्धकैदी कर्नल निकल्सनला जपान्यांनी पत्र्याच्या खुराड्यात, भर उन्हात कोंडलेलं असतं. मे महिन्यातली दुपार पत्र्याखाली काढलेल्या आपल्या माणसाला त्या खुराड्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्याला बाहेर काढतात आणि तो कमांडंटच्या खोलीकडं चालू लागतो. पाय ऐकत नाहीत, तोल जातो, तरी मान ताठ. गिनेसचा मुलगा मॅथ्यू लहानपणी पोलिओतून बरा होताना जसा चालायचा, ती चाल बापानं इथं आणली. या भूमिकेला ऑस्कर मिळालं. तालमीत मी हा तुकडा आवाज बंद करून दाखवतो. कर्नल हरलेला नाही, हे एकही शब्द न ऐकता पोरांना कळतं.

मग 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (1949). एकाच घराण्यातली आठ माणसं एकट्या गिनेसनं केलीत : पाद्री, जनरल, अ‍ॅडमिरल, इतकंच काय, लेडी अगाथासुद्धा. चर्चमधल्या प्रसंगात त्यातली सहा एकाच चौकटीत दिसतात. कॅमेरा जागचा न हलवता तीच फिल्म पुन्हा पुन्हा वापरून ते साधलंय. पण माझं लक्ष जातं ते प्रत्येकाच्या बसण्याकडं. 'स्टार वॉर्स'नं (1977) तो जगभर पोचला, तो सिनेमा नंतर बघितला तरी चालेल. 1979च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या मालिकेतला त्याचा गुप्तहेर स्मायली मात्र चुकवू नका. नुसता ऐकत बसलेला असतो, आणि नजर त्याच्यावरून हलत नाही.

तुमच्या हमालाचं म्हणाल, तर एखाद्या सकाळी मोंढ्यात जाऊन बसा. पोतं पाठीवर असताना पावलं कशी पडतात, टाकल्यावर कशी पडतात, खांदा किती वेळानं सरळ होतो, ते बघा. चार वाक्यं काय, नंतर पाठ होतील.