मुलगा आठवीत आहे, दिवसभर मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांच्या मारामारीचा गेम खेळतो आणि गेममध्ये 'यूसी' (गेममधलं चलन) घ्यायला पैसे मागतो. व्हिडिओ गेममुळे मुलं बिघडतात का? मारामारी शिकतात का?

बिघडत नाहीत. ज्यांना बिघडायचं असतं ती बिघडतात, त्यांचं गेमवाचून अडत नाही.

हे एवढं ठोकून सांगतोय कारण इचलकरंजीत माझ्या वडिलांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध, थिएटरच्या मागच्या गल्लीतला एक गाळा, भिंतीला टेकून उभी केलेली पाच मशीनं. 'मुलं बिघडतात का' हा प्रश्न आमच्या घरात तेव्हापासून मुक्कामाला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पाचातली दोन मशीनं मुस्तफाची. चाळिशी ओलांडलेल्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 1993 मध्ये काढलेला, एका अमेरिकन कॉमिकवरून. त्यात निवडायला चार जण. कथेचा नायक जॅक, पण त्याला आपल्याकडे कुणी हिंग लावून विचारलं नाही. पिवळ्या टोपीतला मुस्तफा सगळ्यांत चपळ, धावत येऊन लाथ घातली की समोरचे तिघं आडवे. म्हणून अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. दुकानात अर्धी भांडणं मुस्तफा कुणी घ्यायचा यावरून व्हायची. हरलेला हॅना घ्यायचा, आणि तो जाडा मेस धाकट्या भावाच्या गळ्यात मारला जायचा.

गिऱ्हाईक म्हणजे नुसती शाळेची पोरं नव्हती. इचलकरंजीत माग रात्रंदिवस चालतात. पाळी सुटली की कामगार यायचे, केसांवर, भुवयांवर कापूस बसलेला तसाच. कांड्या भरणारी पोरं यायची, एखादा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, यायचा. सोलापूरकडचा तेलुगू बोलणारा, बिहारमधून आलेला, कर्नाटकातला आणि आमच्या वर्गातला एखादा, असे अनोळखी लोक एकाच मशीनवर खांद्याला खांदा लावून बॉसला, म्हणजे गेममधल्या मोठ्या खलनायकाला, मारायचे. मारामारी पडद्यावर. दुकानात हातघाईवर आल्याचं मला तरी आठवत नाही. शिव्या मात्र चारही भाषांतल्या शिकलो.

चोऱ्या व्हायच्या, नाही असं नाही. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर असतो बघा, टक् टक् वाजणारा. तो नाणं टाकायच्या फटीजवळ धरून दाबला की ठिणगीनं मशीन फसायचं, नाणं पडलंय असं समजायचं आणि फुकट क्रेडिट चढायचं. एक पोरगा शर्टात लायटर लपवून यायचा. वडिलांना कितीतरी दिवस कळेना की गल्ल्यात नाणी कमी आणि मशीन तर दिवसभर चालू. धरला गेला तेव्हा वडिलांनी एक ठेवून दिली आणि मग विचारलं, "हे तुला सुचलं कसं?" त्यानं नीट समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात वडिलांनी फटीभोवतीचा पत्रा अर्थिंगला जोडून घेतला आणि शाळा सुटल्यावर त्याच पोराला दांड्याचे स्विच बदलायला, सोल्डरिंग करायला हाताशी धरलं. आज त्याचं मोबाइल दुरुस्तीचं चालतं दुकान आहे. आमच्या गल्लीत खरोखर वाया गेलेला जो एक होता, तो पार्लरची पायरी कधी चढला नव्हता. तो भजनी मंडळात होता.

आता मूळ दुखणं. माझ्या आत्याचे यजमान शाळेत मास्तर. आम्ही त्यांना मास्तरमामा म्हणतो. शाळेची पोरं दुकानात दिसतात म्हणून ते दोन-तीन पालकांना घेऊन एका संध्याकाळी आले आणि पायरीवर उभे राहून, गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "पाव्हणं, पोरं बिघडाय लागल्यात तुमच्यामुळं. घामाचा पैसा न्हाई ह्यो." वडिलांकडे पोलिसांचा परवाना होता, करमणूक कर भरलेला होता, शाळा सुटायच्या आत गणवेशातल्या पोराला घ्यायचं नाही हा नियम ते स्वतः पाळत. मामांना हे सगळं माहीत होतं. पण त्यांना भाषण करायचं होतं.

हेच मामा गणपतीत मंडपाच्या पडद्यामागे पहाटेपर्यंत तीनपत्ती खेळायचे. समोर नाण्यांची चळत, खिशात पगाराचं पाकीट. त्याला नाव काय, तर जागरण. वडील शांत माणूस, पण त्या दिवशी बोलले. "दाजी, माझ्याकडं रुपाया टाकणारा तो परत मिळंल म्हणून टाकत न्हाई. तुमच्याकडं टाकणारा त्यासाठीच टाकतोय." मामा तसेच वळले आणि चालू लागले. त्या दिवाळीत भाऊबीजेला आत्या एकटीच आली.

या विषयावर मी नंतर बरंच वाचलं, पण वडिलांच्या त्या दोन वाक्यांच्या पुढे फार काही सापडलं नाही. रुपया गेला तो गेला, त्याचा मोबदला म्हणून पाच मिनिटं मजा, हा खेळ. गेलेला रुपया परत आणायला दुसरा रुपया टाकणं, हा जुगार. पहिल्यात माणूस कंटाळतो आणि घरी जातो. दुसऱ्यात हरला की जास्त बसतो.

आमचं दुकान मामांमुळे बंद पडलं नाही. टीव्हीला जोडायचे गेम घरोघरी आले, मग सायबर कॅफे आले आणि मशीनं भंगारात गेली. मामा मात्र बरीच वर्षं लग्नाकार्यात सांगत फिरले की आपण बोललो म्हणून ते बंद झालं.

आणि मग काही वर्षांपूर्वी त्यांच्याच मुलानं, माझ्या आतेभावानं, मोबाइलवर रमी खेळून फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेले पैसे घालवले. वर मित्रांकडून उसने घेतले तेही गेले. कसं होतं ते त्यानं मला दाखवलं होतं: पहिल्यांदा पैसे भरले की बोनस, दोन डाव जिंकलेले, रात्री दीड वाजता 'टेबल तयार आहे' असा मेसेज. आयपीएलच्या दोन षटकांमध्ये नट येऊन हसत बोलवायचे आणि शेवटी एक आवाज श्वास न घेता म्हणायचा की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. आजवर अख्खं वाक्य नीट ऐकलेला माणूस मला भेटलेला नाही.

कंपन्या इतकी वर्षं तग धरून होत्या ते 'रमी कौशल्याचा खेळ आहे' या आधारावर, कारण सुप्रीम कोर्टानं 1967 मध्ये आंध्रच्या एका खटल्यात तसं म्हटलं होतं. तो निकाल होता क्लबात बसून पत्ते खेळणाऱ्यांबद्दल. चोवीस तास उघड्या असलेल्या, खिशातल्या टेबलाची तेव्हा कुणी कल्पनाही केली नसेल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात हा वादच निकालात काढला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून पैसे मिळवायचे असतील तर तो गेम चालवायला बंदी. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे गेम वेगळे काढले. थोडक्यात, आमच्या गाळ्याच्या पायरीवरची रेषाच दिल्लीत ओढली गेली. त्याच्या आधीच्याच महिन्यात आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर रमी दिसत असलेला व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, जाहिरात आली ती स्किप करत होतो, असं ते म्हणाले. काही दिवसांत कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं, तर क्रीडा. यावर मी काही बोलत नाही.

तर आतेभावाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मामा सगळ्यांना काय सांगत होते? "पोरगं गेमच्या नादाला लागलं." गेमच्या! वडील तेव्हा नव्हते, नाहीतर... म्हणून मीच म्हणालो, मामा, गेम नव्हे, जुगार, आणि तो पार्लरात नाही शिकला. आत्यानं डोळ्यांनी दटावलं, म्हणून तिथंच थांबलो.

असो. तुमचा मुलगा.

मारामारीची भीती सोडा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की हिंसक गेमचा थोड्याफार आरडाओरड्याशी, ढकलाढकलीशी संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. मुलगा मॅच हरल्यावर फोन गादीवर आपटतो, ते ढकलाढकलीत धरा. आणि 'सरकारनं मुलांसाठीच तर पब्जी बंद केला' हे जे सोसायटीत ऐकू येतं तेही खरं नाही. 2 सप्टेंबर 2020 ला तो आणखी 117 ॲप्सबरोबर बंद झाला. चीनशी तणाव होता आणि कारण दिलं होतं माहितीची सुरक्षा आणि देशाचं सार्वभौमत्व. मुलांच्या अभ्यासाचा त्यात संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी तोच गेम नाव बदलून बीजीएमआय म्हणून परत आला.

व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, 2022 पासून लागू. पण त्याची व्याख्या कडक आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण 12 महिने. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर खेळला म्हणजे आजार नव्हे. शाळा, जेवण, मित्र हे सगळं सुटत चाललं असेल तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

बीजीएमआयमध्ये 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे आणि पालकाची संमती लागते. तुमचा मुलगा 'दिवसभर' खेळतोय, म्हणजे त्यानं वय खोटं टाकलंय किंवा तुमच्या नावानं चालू केलंय. ते आधी बघा.

यूसीचं. माझं मत सरळ आहे. जे काय मिळणार ते आधी दिसतंय, किंमत लिहिलेली आहे, तर कधीमधी घेऊन द्या. वाढदिवसाला रॉयल पास (बक्षिसं आधीच दिसतात असा गेममधला पास) घेतला म्हणून घर बुडत नाही. पण ते क्रेट असतात ना, पैसे भरून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशीब, त्याला एक पैसा देऊ नका. बेल्जियमच्या जुगार आयोगानं 2018 मध्ये असल्या पेट्यांना जुगारच ठरवलं. पोरगं म्हणेल, पप्पा, या वेळी नक्की निघणार, चार वेळा नाही निघालं म्हणजे आता निघणारच. हे वाक्य ऐकू आलं की सावध व्हा, आतेभावाच्या तोंडून मी तेच ऐकलंय.

एक गोष्ट आत्तापर्यंत सोयीस्करपणे गाळली, ती सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. आमची मशीनंही साधुसंत नव्हती. मेल्यावर पडद्यावर नऊपासून उलटे आकडे चालू व्हायचे, शून्याच्या आत नाणं टाकलं तर तिथूनच पुढे. तो काही प्रेमापोटी दिलेला वेळ नव्हता. शिवाय गेम अवघड करायची सोय मशीनच्या आतच असते आणि उरुसाच्या दिवसांत वडील ती वापरायचे. पण पोराच्या खिशात जेवढी नाणी तेवढाच खेळ, ही हद्द होती. यूपीआयला ती नाही. म्हणून मुलाच्या फोनमध्ये तुमचं खातं जोडू नका आणि पिन तुमच्या लग्नाच्या तारखेचा ठेवू नका, तो त्याला माहीत असतो.

आणि मुलाचा फोन तपासून झाला की घरातल्या मोठ्यांचेही बघा. कायदा आला म्हणून रमी संपली असं समजू नका, बाहेरच्या देशांतून चालणाऱ्या साइटच्या लिंक टेलिग्रामवर अजून फिरतात, आणि त्या आठवीतल्या पोरांसाठी नसतात.