सोलापुरात चादरीपलीकडे काय?

प्रश्न : ताई, डिसेंबरात अक्कलकोट आणि तुळजापूर करायचं ठरतंय. मुक्काम सोलापुरात, मधला एक दिवस मोकळा. मिस्टर म्हणतात, चादर घ्यायची आणि गाडी धरायची, तिथे दुसरं आहे काय? मला खाण्याची हौस आहे. दिवसभरात काय खावं, कुठे फिरावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मिस्टरांना दोष देत नाही. आमच्या गावाचं सगळ्यांनी स्टेशनच करून टाकलंय. उतरायचं, गाडी ठरवायची आणि देवाला निघायचं. माझी सगळी नोकरी पूर्व भागातल्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे मी तुम्हाला आधी तिकडेच पाठवणार.

1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, ती आमची जुनी मिल. मागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि निजामाच्या मुलखातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, पद्मशाली विणकर बिऱ्हाडासकट येऊन राहिले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण माणसं इथलीच झाली होती. अशोक चौक, दाजी पेठ, भद्रावती पेठ या बाजूला सकाळी चालत फिरा. यंत्रमागाची खटखट कानावर येईल. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. फोटो काढायचा तर आधी विचारा. हजार विड्यांवर मजुरी ठरते, त्यांना पोझ द्यायला वेळ नसतो. अक्कलकोटला जाताना कुंभारीजवळ याच कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत लागते. तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. गाडीतून का होईना, मिस्टरांना दाखवा.

माझ्या वर्गातली पोरं घरी तेलुगू बोलायची, वर्गात मराठी, आणि मधल्या सुट्टीत ‘काय करायलास बे?’ डब्यात चिंचेचा पिवळाधमक भात, नाहीतर अंबाडीची चटणी. संक्रांतीला सकिनालु यायचे. तांदळाचं ओलं पीठ, त्यात तीळ आणि ओवा. धुतलेल्या सुती कापडावर बाई बोटांच्या चिमटीतून पिठाला पीळ देत देत कडं घालते, कड्याभोवती दुसरं, मग तिसरं. कापडावर जरा सुकलं की तळायचं. साचा नाही, सोऱ्या नाही. आमच्या चकलीला मी नावं ठेवत नाही, पण सकिनालुचा खुटखुटीतपणा तिला नाही.

आता खरं सांगते, हे हॉटेलात मिळायचं नाही. पूर्व भागातलं चांगलं खाणं घरांत आहे. ओळखीचं बिऱ्हाड असेल तर लाजू नका, कळवून जा.

दुपारी बाळी वेशीकडे या. हा भाग जुन्या लिंगायत वस्तीचा, बोली कानडी. जेवायला कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही. कडक भाकरी पोळीसारखा तुकडा मोडून खायची नसते; चुरायची, वर वांग्याचा रस्सा घालायचा आणि मुरेपर्यंत हात आवरायचा. आठवडाभर आरामात टिकते, म्हणून येताना चार पाकिटं घ्या. संध्याकाळी मटण-कबाब चालत असेल तर विजापूर वेस. रमजानात तिथला मीना बाजार बघण्यासारखा असतो, डिसेंबरात तो नसेल.

वाटेत चार हुतात्मा चौकात थांबून नावं वाचा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, त्या प्रकरणात धरले गेले, 12 जानेवारी 1931 ला फासावर गेले. या गावात कोण कोण राहतं, ते तेवढ्या चार नावांत कळतं.

तारीख हलवता येत असेल तर डिसेंबर सोडा आणि संक्रांतीला या. सिद्धेश्वराची यात्रा, मिरवणुकीत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आणि घरोघरी गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. गर्दी मात्र मरणाची, खोली आधी ठरवा. चादर घ्याच, पण उलटीसुलटी करून बघा; जॅकार्ड मागावर विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी उठायला हवी, रंग तेवढे अदलाबदल.

प्रश्न : मिक्सरमधली शेंगाचटणी सोलापूरसारखी का होत नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मिक्सरचं पातं दाणे कापतं, मुसळ ते चेचतं. चेचल्याशिवाय दाण्याचं तेल सुटत नाही आणि तेलाशिवाय लसूण-तिखट दाण्याला धरत नाही. खरपूस भाजलेले दाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, बस. वरून तेल ओतू नका. मुठीत दाबून पाहा, मुटका वळला की झाली. उखळ नसेल तर खलबत्त्यात थोडी थोडी कुटा. हात दुखेल.